जनरलची पत्रे आणि संपादकाची कात्री

बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावात ब्रॅटल रस्त्यावर एक ऐसपैस लाकडी घर आहे. त्याचा पहिला मालक जॉन व्हॅसल इंग्रज राजाच्या बाजूचा. गावात गडबड सुरू झाली तसा तो घर टाकून निघून गेला आणि जुलै १७७५ मध्ये तिथे जनरल जॉर्ज वॉशिंग्टन मुक्कामाला आला. बॉस्टन इंग्रजांच्या ताब्यात होते, शहराला वेढा पडलेला होता. बंदुकीची दारू तुटपुंजी, पैसा त्याहून तुटपुंजा, आणि सैनिक मुदत भरताच घरची वाट धरणारे. तो सबंध हिवाळा वॉशिंग्टनने या घरात काढला. त्याचा चिटणीस जोसेफ रीड फिलाडेल्फियाला परतला होता. त्याला वॉशिंग्टन मन मोकळे करून लिहीत असे. सरकारी खलित्यात जे लिहिता येत नाही ते सगळे त्या पत्रांत उतरले आहे: वैताग, चिडचिड, थट्टा, सहकाऱ्यांची टोपणनावे.

अठ्ठावन्न वर्षांनी, १८३३ मध्ये, त्याच घराची मालकीण होती क्रेगीबाई. नवरा कर्ज ठेवून वारला, म्हणून ती खोल्या भाड्याने देई. डोक्याला फेट्यासारखे फडके गुंडाळून वाचत बसणारी ही बाई विक्षिप्त म्हणून गावात प्रसिद्ध होती. पुढे तिच्याकडे बिऱ्हाडाला आलेला कवी लाँगफेलो सांगतो की, दारातल्या झाडांवर अळ्या पडल्या तेव्हा तिने त्या मारू दिल्या नाहीत. अळ्यांनाही आपल्याइतकाच जगण्याचा हक्क आहे, असे तिचे म्हणणे.

त्या वर्षी तिच्या बिऱ्हाडकरूंत एक नवे जोडपे होते. नवरा चव्वेचाळिशीच्या आसपासचा, धिप्पाड, कमी बोलणारा. नाव जॅरेड स्पार्क्स. त्याच्याजवळ वॉशिंग्टनची पत्रे होती. नकला नव्हेत, खुद्द जनरलच्या माउंट व्हर्ननच्या वाड्यातून आणलेले मूळ दप्तर. जनरलने ज्या खोल्यांत बसून ती लिहिली त्याच खोल्यांत बसून आपण ती छापखान्यासाठी तयार करतो आहोत, या योगायोगाची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली आहे.

आणि त्याच खोल्यांत त्याने ती दुरुस्तही केली.

स्पार्क्सचा जन्म १० मे १७८९ चा, कनेक्टिकट राज्यातल्या विलिंग्टन गावचा. म्हणजे वॉशिंग्टनने न्यूयॉर्कमध्ये अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर बरोबर दहा दिवसांनी. घरची गरिबी. पोर काही काळ नातेवाइकांकडे वाढले, शेतावर राबले, सुतारकाम शिकले. विशी गाठेपर्यंत त्याच्या हातात करवत आणि पटाशी होती. गावच्या पाद्र्याने गणित आणि लॅटिन शिकवले, त्याची फी पोराने पाद्र्याच्या गोठ्याचे छप्पर शाकारून फेडली. दुसऱ्या एका पाद्र्याने एक्झेटरच्या शाळेत त्याची सोय लावली. पाद्री आपल्या घोडागाडीतून गेला, गाडीखाली पोराची पेटी बांधली होती. पोरगा मात्र पायी गेला. तिथून हार्वर्ड. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मधेच मेरिलंडमधल्या हॅवर द ग्रास गावी त्याने शिकवणी धरली, आणि १८१३ च्या मे महिन्यात इंग्रज आरमाराने ते गाव जाळले तेव्हा हा तिथेच होता. इतिहास डोळ्यांसमोर घडताना आणि धुरात जाताना त्याने असा पाहिला.

पदवी १८१५ ची. मग हार्वर्डमध्ये गणिताचा शिक्षक, मग बाल्टिमोरमध्ये युनिटेरियन पंथाच्या चर्चचा धर्मगुरू, दोन वर्षे अमेरिकी प्रतिनिधिगृहाचा चॅप्लेन. धर्मपीठावर तो रमला नाही. १८२३ मध्ये त्याने ते सोडले, 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' हे त्रैमासिक विकत घेतले आणि सहा-सात वर्षे चालवले. एकीकडे जॉन लेडयार्ड या भटक्याचे चरित्र लिहिले. हा लेडयार्ड कॅप्टन कुकच्या जलसफरीवर जाऊन आला होता आणि पुढे सायबेरिया पायी ओलांडायला निघाला होता. चरित्र वाचनीय आहे. पण स्पार्क्सच्या डोक्यात तोवर दुसरेच काही घर करून बसले होते.

त्या काळच्या अमेरिकेत वॉशिंग्टनची दोन चरित्रे माहीत होती. एक मेसन वीम्स नावाच्या पाद्र्याने लिहिलेले. चेरीचे झाड, कुऱ्हाड आणि 'बाबा, मी खोटे बोलणार नाही' ही आपल्याकडच्या शाळकरी पुस्तकांतही आलेली गोष्ट त्याचीच. चरित्राच्या १८०६ च्या आवृत्तीत ती पहिल्यांदा आली. दुसरे सरन्यायाधीश जॉन मार्शलचे, पाच खंडांचे. त्याच्या पहिल्या खंडात वसाहतींचाच इतिहास आहे, वॉशिंग्टनला जन्माला यायला दुसऱ्या खंडाची वाट पाहावी लागते. एकात गोष्ट होती, कागद नव्हता. दुसऱ्यात कागद होता, माणूस नव्हता. स्पार्क्सने ठरवले की वॉशिंग्टनला त्याच्याच शब्दांत छापायचे.

कागद होते वॉशिंग्टनचा पुतण्या बुश्रॉड याच्याकडे. हा स्वतः सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. त्याने १८२६ मध्ये स्पष्ट नकार दिला. स्पार्क्स खचला नाही. त्याने दक्षिणेतल्या राज्यांचा दौरा काढला आणि एकेका राजधानीत जाऊन सरकारी कचेऱ्यांतली क्रांतिकाळातली दप्तरे उलगडली. रस्ते वाईट, खानावळी त्याहून वाईट, आणि कागदांवर धुळीचे थर. जुन्या युद्धातल्या म्हाताऱ्यांना तो भेटला, त्यांच्या घरची पत्रे उतरवून घेतली. पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेल्या देशाला आपली कागदपत्रे कुठे आहेत हे ठाऊक नव्हते. ते शोधायला घराघरांत जाणाऱ्या पहिल्या काही माणसांत हा मोडतो. (त्याच १८२६ साली लंडनमध्ये ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापून निघाला. साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून डफच्या हाती सत्ता होती, दप्तरे त्याच्यासमोर आणून ठेवली जात. स्पार्क्सला मात्र दारोदार जाऊन विनवावे लागले.)

अखेर मार्शलच्या मध्यस्थीने आणि व्यवहाराच्या भाषेने काम झाले. १८२७ मध्ये करार झाला. नफ्याचा अर्धा वाटा स्पार्क्सचा, उरलेल्या अर्ध्यात बुश्रॉड आणि मार्शल. दोन न्यायमूर्ती आणि एक माजी धर्मगुरू राष्ट्रपित्याच्या पत्रांच्या नफ्याची वाटणी करताहेत, हे चित्र थोडे गमतीचे वाटते खरे. पण त्यात चोरटे काही नव्हते. स्पार्क्स माउंट व्हर्ननला राहिला, दप्तर चाळले आणि पेट्या भरून बॉस्टनला आणले. १८२८ मध्ये तो युरोपला गेला. लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात आणि पॅरिसमध्ये त्याने महिनोन्‌महिने काढले, क्रांतियुद्धात वॉशिंग्टनबरोबर लढलेल्या म्हाताऱ्या लाफायेतच्या घरी पाहुणचार घेतला आणि त्याच्या ओळखीने फ्रेंच दप्तराची दारे उघडून घेतली. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध शत्रूच्या आणि मित्राच्या कागदांतूनही पाहायला हवे, हे त्याला कळले होते. आज ही साधी गोष्ट वाटते. तेव्हा नव्हती.

या माणसाच्या कामाचा उरक पाहून धडकी भरते. क्रांतिकाळातल्या राजनैतिक पत्रव्यवहाराचे बारा खंड १८२९-३० मध्ये. गूव्हर्नर मॉरिस या मुत्सद्द्याचे चरित्र तीन खंडांत १८३२ मध्ये. वॉशिंग्टनचे बारा खंड १८३४ ते १८३७. फ्रँकलिनचे दहा खंड १८३६ ते १८४०. शिवाय 'अमेरिकन चरित्रमाला', पंचवीस खंड, साठ चरित्रे. त्यांतली आठ त्याने स्वतः लिहिली. बेनेडिक्ट अर्नोल्डसारख्या फितुराचेही त्यात चरित्र आहे. १८३१ मध्ये तरुण फ्रेंच प्रवासी अलेक्सी द तोकव्हील बॉस्टनला आला. न्यू इंग्लंडच्या गावसभा कशा चालतात हे त्याला समजून घ्यायचे होते. स्पार्क्सने त्याच्यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या ग्रामव्यवस्थेवर लांबलचक टिपण लिहून दिले. तोकव्हीलच्या अमेरिकेवरच्या गाजलेल्या ग्रंथात गावाच्या कारभाराचे जे वर्णन आहे, त्याच्या पायात हे टिपण आहे.

आता त्या घरातल्या टेबलाकडे परत येऊ.

रीडला लिहिलेल्या एका पत्रात पैशांचा विषय निघाला आहे. हाती येणारी एक लाख डॉलरची रक्कम गरजेपुढे किती क्षुल्लक आहे हे सांगताना वॉशिंग्टनने तिला पिसवाचा चावा म्हटले होते. आपण मराठीत 'दर्यात खसखस' म्हणू. सैन्याचा पगार थकलेला, रात्रभर जागून लिहिणारा सेनापती, आणि त्याच्या तोंडी आलेला हा घरगुती शब्द. स्पार्क्सच्या छापील पानावर पिसू नाही. तिथे ती रक्कम आपल्या सध्याच्या गरजांना सर्वथा अपुरी आहे, असे सभ्य वाक्य आहे. दुसरीकडे इझरायल पुटनम या जुन्या लढवय्याचा उल्लेख वॉशिंग्टनने 'म्हातारा पुट' असा केला होता. सैन्यात सगळे त्याला तसेच म्हणत. स्पार्क्सने तिथे 'जनरल पुटनम' छापले. शुद्धलेखन सुधारले, व्याकरण नीट केले, काही मजकूर गाळला.

यात लपवाछपवी किती होती? दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला स्पार्क्सने स्वतःच लिहून ठेवले आहे की लेखनातल्या उघड चुका मी दुरुस्त केल्या आहेत. घाईत लिहिलेले खासगी पत्र लोकांसमोर मांडायची वेळ आली असती तर वॉशिंग्टनने स्वतः हेच केले असते, असा त्याचा दावा. आणि हा दावा हवेतला नव्हता. तरुणपणी फ्रेंचांविरुद्धच्या लढायांच्या काळात लिहिलेल्या पत्रांच्या नकलवह्या वॉशिंग्टनने क्रांतियुद्धानंतर पुन्हा उघडल्या होत्या आणि आपलीच जुनी, अडखळती वाक्ये खोडून नवी, डौलदार वाक्ये घातली होती. पुढच्या पिढ्यांपुढे जाताना कपडे नीटनेटके हवेत, ही काळजी खुद्द जनरललाही होती. स्पार्क्सने तीच काळजी पुढे चालवली. त्या काळचे संपादक हेच करत. पुढाऱ्याची पत्रे जशीच्या तशी छापणे म्हणजे त्याला अंगरखा न घालता दरबारात उभे करणे, असे सगळ्यांनाच वाटे.

मला ही बाजू समजते. पण पिसवाचा तो चावा गेला तेव्हा केवळ एक शब्द गेला नाही. त्या हिवाळ्यातला, त्या खोलीतला, कंटाळलेला आणि तरीही विनोद सुचणारा माणूस गेला. स्पार्क्स वीम्सची चेरी काढायला निघाला होता आणि त्याने त्या जागी संगमरवर बसवला.

खंड खपले, गाजले. फ्रान्समध्ये इतिहासकार आणि मंत्री गिझो याने त्यांची फ्रेंच आवृत्ती काढली, वर स्वतःची प्रस्तावना लिहिली. जर्मनीत इतिहासकार राउमरने जर्मन आवृत्ती काढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वॉशिंग्टन हा साऱ्या जगाचा नायक झाला होता. पुण्यात मिशनच्या शाळेत शिकत असताना तरुण जोतीराव फुले शिवाजी महाराज आणि वॉशिंग्टन या दोघांची चरित्रे वाचत होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जो निष्कलंक वॉशिंग्टन असा दूरदूर पोहोचला, त्याला घडवणाऱ्या हातांत स्पार्क्सचा हात मोठा होता.

दुरुस्तीची सफाई मी समजून घेतो. कात्रीची नाही.

१७८९ च्या आरंभी, अध्यक्षपद जवळजवळ नक्की झाल्यावर, वॉशिंग्टनने शपथविधीच्या वेळी करायचे एक लांबलचक भाषण तयार केले होते. मसुद्यात त्याचा जुना सहकारी डेव्हिड हम्फ्रीज याचा हात होता, पण पाने वॉशिंग्टनने स्वतःच्या हाताने उतरवली होती. साठाहून अधिक पाने. जेम्स मॅडिसनने ते पाहिले आणि ते करू नये असा सल्ला दिला. शेवटी ३० एप्रिलला त्याने वेगळे, आटोपशीर भाषण केले. जुना मसुदा दप्तरात पडून राहिला. त्यात एके ठिकाणी वॉशिंग्टन सांगतो की मला मूलबाळ नाही, त्यामुळे कुणाच्या भवितव्यासाठी मी या देशात घराणे उभारणार नाही. राजेशाहीची भीती अजून ताजी असलेल्या लोकांना एका निपुत्रिक माणसाने दिलेली ही हमी आहे. अमेरिकेच्या इतिहासात इतके खासगी आणि इतके राजकीय वाक्य एका जागी फार थोड्या ठिकाणी सापडेल.

हे भाषण छापावे का, असे स्पार्क्सने १८२७ मध्ये मॅडिसनला विचारले. म्हाताऱ्या मॅडिसनने नको म्हटले. झाले. जे छापायचे नाही ते निरुपयोगी. तेव्हा वॉशिंग्टनच्या हस्ताक्षराची मागणी करणारी पत्रे स्पार्क्सकडे सारखी येत होती. हस्ताक्षरे जमवण्याचे वेड तेव्हा नवे होते. स्पार्क्स सज्जन माणूस, त्याला नाही म्हणवेना. त्याने कात्री घेतली आणि त्या पानांच्या पट्ट्या केल्या. कुणाला अर्धे पान, कुणाला चार ओळी. सोबत आपल्या हाताने दाखला लिहिला की हे वॉशिंग्टनचेच अक्षर आहे.

जो माणूस कागदाच्या एका तुकड्यासाठी राज्याराज्यांतून खडखडत्या गाडीत हिंडला, त्यानेच हे करावे! पण त्याच्या दृष्टीने यात विसंगती नव्हती. कागदाला किंमत होती ती त्यातल्या मजकुराची, आणि मजकुराला किंमत होती ती तो छापून निघाला तर. छापून झाले, किंवा छापायचे नाही असे ठरले, की मूळ कागद म्हणजे स्मरणवस्तू. फ्रँकलिनच्या कागदांची गत याहून वेगळी नव्हती. त्याच्या नातवाकडचा एक मोठा गठ्ठा १८४० च्या सुमारास लंडनमधल्या एका शिंप्याच्या दुकानात फळीवर सापडला, आणि त्यातले काही कागद शिंप्याने बाह्यांच्या मापासाठी कापले होते. शिंप्याला निदान आपण काय कापतो हे माहीत नव्हते.

इथे वि. का. राजवाडे आठवल्यावाचून राहत नाहीत. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. गावोगाव फिरून, माळ्यावरची आणि पेटाऱ्यातली मोडी दप्तरे सोडवून ते पत्रे जमवत. स्पार्क्सची पायपीट आणि त्यांची पायपीट एकाच जातीची. पण कागदाविषयीची श्रद्धा निराळी. राजवाड्यांना पत्राचा मायना, तिथी, जुने शब्द, सगळे हवे होते. भाषेच्या चुकीतही त्यांना इतिहास दिसे. दोघांच्या मध्ये सत्तर वर्षे गेली होती आणि तेवढ्यात साऱ्या जगात कागद वाचण्याची रीत बदलली होती.

स्पार्क्सच्या आयुष्यातली दुसरी भानगड नकाशाची, आणि ती एखाद्या कादंबरीत शोभावी अशी. मेन राज्य आणि इंग्रजांचा न्यू ब्रन्सविक प्रांत यांच्या सीमेवरून दोन देशांत साठ वर्षे वाद चालू होता. बारा हजार चौरस मैलांचे जंगल. १८३९ मध्ये तर लाकूडतोड्यांवरून दोन्हीकडचे शिबंदीवाले शस्त्रे घेऊन समोरासमोर आले. दुसऱ्या युरोपवारीत पॅरिसच्या दप्तरात स्पार्क्सला ६ डिसेंबर १७८२ चे फ्रँकलिनचे पत्र मिळाले. फ्रेंच मंत्री व्हेर्झेनला तो लिहितो की आपण पाठवलेल्या नकाशावर मी ठळक तांबड्या रेघेने सीमा दाखवली आहे. आता तो नकाशा! स्पार्क्सने संग्रह धुंडाळला आणि त्याला १७४६ चा, दांव्हीलने काढलेला उत्तर अमेरिकेचा नकाशा मिळाला. त्यावर खरोखरच एक तांबडी रेघ होती. आणि ती रेघ इंग्रजांच्या दाव्याला बळकटी देणारी होती. खुद्द इंग्रज मागत होते त्याहूनही जास्त मुलूख ती त्यांना देत होती.

फेब्रुवारी १८४२ मध्ये स्पार्क्सने ही गोष्ट परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टरला गुपचूप कळवली. वेब्स्टर मुरलेला वकील. नकाशा इंग्रजांना दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने तो मेनच्या हट्टी पुढाऱ्यांना दाखवायचे ठरवले. स्पार्क्सला मेनची राजधानी ऑगस्टा इथे पाठवले. फार ताणू नका, हा कागद बाहेर आला तर होते तेही जाईल, एवढाच निरोप. मेनवाले नरमले. ९ ऑगस्ट १८४२ रोजी वेब्स्टर आणि इंग्रजांचा प्रतिनिधी लॉर्ड ॲशबर्टन यांनी तहावर सह्या केल्या. सुमारे सात हजार चौरस मैल अमेरिकेकडे, पाच हजार इंग्रजांकडे.

गंमत पुढेच आहे. लंडनमध्ये इंग्रज सरकारच्या ताब्यात तिसऱ्या जॉर्ज राजाचा स्वतःचा नकाशा होता. त्यावरही तांबडी रेघ होती, आणि ती अमेरिकेचा दावा खरा ठरवणारी होती. तोही दडवून ठेवलेला. दोन्ही सरकारे आपापल्या तिजोरीत समोरच्याचा पुरावा कुलूपबंद करून वाटाघाटी करत होती. नंतर फुटले तेव्हा दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांनी एकमेकांवर यथेच्छ तोंडसुख घेतले.

आणि स्पार्क्सचा नकाशा? फ्रँकलिनने पत्रात म्हटलेला नकाशा तो नव्हताच. आपल्याला मिळालेला नकाशा तोच याची खात्री नाही, हे स्पार्क्सनेही नमूद केले होते. पण खात्री नसलेला कागद वेब्स्टरसारख्याच्या हाती पडला की त्याचा पुरावा व्हायला वेळ लागत नाही.

हार्वर्डने १८३८ मध्ये स्पार्क्सला इतिहासाचा प्राध्यापक नेमले. चर्चचा इतिहास वगळून निव्वळ इतिहास शिकवण्यासाठी अमेरिकेच्या विद्यापीठात झालेली ही पहिली नेमणूक समजतात. १८४९ ते १८५३ तो हार्वर्डचा अध्यक्ष होता. एके काळी छप्पर शाकारून फी फेडणाऱ्याने हे पद भूषवले. कारकीर्द मात्र विशेष सांगण्याजोगी नाही. कारभार त्याला आवडत नसे.

याच काळात जुने प्रकरण उघडले. जोसेफ रीडच्या नातवाने १८४७ मध्ये आजोबांचे चरित्र काढले आणि त्यात वॉशिंग्टनची पत्रे मुळाबरहुकूम छापली. पिसवाचा चावा आणि म्हातारा पुट पुन्हा जिवंत झाले. दोन छापील पाने शेजारी ठेवून कुणीही ताडून पाहावे, इतका फरक उघड होता. न्यूयॉर्कच्या 'इव्हनिंग पोस्ट'मध्ये एकाने टोपणनावाने ताडून पाहिलेच. मग १८५१ मध्ये इंग्रज इतिहासकार लॉर्ड माहॉन याने आपल्या इंग्लंडच्या इतिहासाच्या सहाव्या खंडात स्पार्क्सवर उघड आरोप केला: याने शब्द बदलले, न्यू इंग्लंडच्या लोकांविषयीचे कडक शेरे गाळले, इतकेच नव्हे तर पदरची वाक्ये घुसडली.

साठी ओलांडलेल्या स्पार्क्सला हे फार लागले. १८५२ मध्ये त्याने पत्रके छापून उत्तरे दिली. त्यात तो चिडलेला नाही, शांतपणे मुद्दे मांडतो. एक मुद्दा त्याने पूर्ण जिंकला. घुसडलेले म्हणून माहॉनने ज्यावर बोट ठेवले होते ते मूळ पत्रात होतेच. रीडच्या नातवाच्या पुस्तकात ते छापायचे राहून गेले होते. माहॉनने तेवढा आरोप मागे घेतला. काही फरकांचे कारणही खरे निघाले, कारण वॉशिंग्टनने पाठवलेले पत्र आणि त्याच्या नकलवहीतली नक्कल यांतच फरक होता. बाकीच्या बाबतीत स्पार्क्स आपल्या म्हणण्याला चिकटून राहिला. संपादकाला तेवढा विवेक वापरावाच लागतो, असे त्याचे मत शेवटपर्यंत होते.

माझ्या मते त्या वादात स्पार्क्सची बदनामी वाजवीपेक्षा जास्त झाली. त्याच्यावर दगड उचलणारे बहुतेक जण जे कागद ताडून पाहत होते ते शोधून काढायला, आणि ताडून पाहण्याजोगे आहेत हे लोकांना पटवायला, आधी तोच हिंडला होता. पण हिशेब तिथे मिटत नाही.

१४ मार्च १८६६ रोजी केंब्रिजमध्ये तो वारला. त्याने जमवलेल्या हस्तलिखितांच्या बांधीव वह्या हार्वर्डला गेल्या, खासगी ग्रंथसंग्रह पुढे कॉर्नेल विद्यापीठाने घेतला. वॉशिंग्टनचे सरकारी कागद अमेरिकी सरकारने १८३४ मध्ये वारसाकडून पंचवीस हजार डॉलरला आणि खासगी कागद १८४९ मध्ये वीस हजारांना विकत घेतले. ते आता काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत. नव्या संपादकांनी सगळे पुन्हा छापले, आधी चौदा खंडांत, मग एकोणचाळीस खंडांत. १९६८ पासून व्हर्जिनिया विद्यापीठात तिसरी आवृत्ती चालू आहे. तिथे स्पेलिंगच्या चुकाही जशाच्या तशा आहेत.

फक्त १७८९ चे ते भाषण अजून पुरे जुळलेले नाही. जगभरच्या ग्रंथालयांतून आणि खासगी संग्रहांतून त्याच्या पट्ट्या गोळा करून संपादकांनी शक्य तिथे जोडल्या आहेत, मधल्या जागा रिकाम्या सोडल्या आहेत. मागाहून उरलेल्यांपैकी एखादी लिलावात आली आहे. ती त्या भाषणातलीच आहे आणि अक्षर वॉशिंग्टनचेच आहे, याची खूण म्हणून सोबतचा दाखला पाहतात. दाखल्याखाली सही असते जॅरेड स्पार्क्सची.